चंद्रज्योत

त्या दिवशी खिचडी उशिरा झाली.
हे मी कोणाले सांगितलं नाही,
तुमालेच सांगते.
सिलिंडर अर्ध्यातच विझलं,
मंग मागच्या पऱ्हाट्या आणून चूल पेटवली,
धुरात डोळे चोळत पोट्ट्यायले म्हटलं,
जा रे, खेळा जरासेक, आवाज देते.
अर्धा घंटा.
एक गंज खिचडी शिजाले लागते, तेवढाच.

शाळेमागं चंद्रज्योतीची कुपाटी.
मी नवीन लग्न होऊन आली तेव्हा
साहेब लोकायनं लावली होती.
याच्या बियांतून डिझेल निघन म्हणे,
गावाचे ट्रॅक्टर फुकट चालन.
डिझेल काही निघालं नाही.
झाडं राहिली. शेळी तोंड लावत नाही,
म्हणून कोणाच्या डोळ्यावरही आली नाही.

खिचडी झाली. पोट्टे आले, ताटं घेऊन बसले.
अर्ध्या जेवणात वंश नेवारेनं ताटातच ओकलं.
मंग त्याच्याजवळची पोट्टी.
मंग ती कोपऱ्यातली, जे कधी बोलत नाही, आरोही.
अकरा पोट्टे. ओटा निरा ओला.
कोणी पोट धरलं, कोणी गळा,
"काकू, घशात जाळ होते."

गाव धावत आलं, अन् आधी
पोट्ट्यायकडं नाही, गंजाकडं गेलं.
"काय टाकलं वं यात?"
"पाल पडली असन."
"तेल पाहा, तेल."
माझी सख्खी जाऊ म्हणे,
"हिचं ध्यान कुठं राहते आजकाल?"
मी पळी उचलली.
सगळ्यायसमोर खाल्ली खिचडी.
एक पळी. दुसरी. तिसरी.
तोंड भाजलं. थांब म्हणाले कोणी नव्हतं.
गुरुजींनी नमुन्याची बाटली काढली,
चिठ्ठी लावली, तारीख टाकली,
सही करताना हात कापत होता त्यांचा
अन् माझ्याकडं पाहत नव्हते.

ग्रामीण रुग्णालयात दोन खाटांवर पाच-पाच,
अकरावी नर्सबाईच्या खुर्चीवर.
डॉक्टरीण तरुण पोरगी. खिचडीचं तिनं विचारलंच नाही.
वंशच्या हाफपँटीचा खिसा उलटा केला:
एक गोटी, खडूचा तुकडा,
अन् सात काळ्या बिया.
"किती खाल्ल्या रे?"
"मोजल्या नाही."
"काहून खाल्ल्या?"
"शेंगदाण्यावानी लागते.
आरोहीनं देल्या. तिले साल काढता येते."

ती कोपऱ्यातली, जे कधी बोलत नाही,
तिनं दगडानं फोडून फोडून
सगळ्यायले वाढल्या होत्या
पंगतीत वाढतात तशा,
अन् उरल्यासुरल्या आपण खाल्ल्या, शेवटी.
म्हणजे मी करते तसंच.
हे पाहूनच शिकली असन.

बाकीचे दुसऱ्या दिवशी घरी आले.
तिले तीन दिवस सलाईन.
जाऊ दारात येऊन म्हणे, "चहा ठेवला, येतं का?"
दुसरं काही नाही म्हणाली.
मी गेली, चहा घेतला.

पंचायतीनं कुपाटी तोडली,
पाणी पडल्यावर खोडातून पुन्हा फुटली.
शनिवारी विळा घेऊन मीच जाते आता.
एकदा मातीत एक बी सापडली.
फोडली. दाताखाली धरली.
खरंच गोड होती वं.
थुंकली, चूळ भरली,
चव संध्याकाळलोक गेली नाही.

आता उशीर झाला तं
मी कोणाले खेळा म्हणत नाही.
आरोहीले जवळ बसवते, लसूण देते सोलाले.
लय पातळ निघते तिच्या हातून साल.
सोललेली पाकळी उजेडाकडं धरते,
"काकू, हे खाता येते ना?"
रोज विचारते. रोज.
मी तिच्या हातची पाकळी घेते,
आधी आपल्या तोंडात टाकते, चावते,
मंग म्हणते, येते.