फक्त या वेळेपुरती

औलू शहरात दर बुधवारी दोन ते पाच
मी वाचनालयाच्या तळमजल्यावर बसतो,
फोनशी ज्यांचं बिनसलंय त्यांच्यासाठी.
नोव्हेंबर होता. तीनलाच खिडकीत रात्र.
हिल्क्काबाई आल्या, बुटांवरचा बर्फ झटकत,
आणि टेबलावर फोन ठेवला, पालथा,
त्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने.

"याच्या पणजोबांना मी जोडलंय," म्हणाल्या.
बावीस वर्षं कारखान्यात, डोळ्याला भिंग लावून.
"तेव्हाचा फोन फक्त फोन असे. वाजला की उचलायचा.
हातातून पडला, तर काळजी जमिनीची."

मग सांगितलं, माझ्याकडे न बघता.
दर गुरुवारी सव्वातीनला हा कळवायचा:
इस्पितळ चौदा मिनिटं. रस्ता मोकळा आहे.
तौनो तिथे होते, तिसऱ्या मजल्यावर, हिवाळाभर.
"मी काही याला विचारलं नव्हतं.
पण बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.
घरात कुणीतरी वेळ पाळतंय."

मार्चमध्ये तौनो गेले.
पुढचे दोन गुरुवार हा बोलला.
चौदा मिनिटं. रस्ता मोकळा.
तिसऱ्या गुरुवारी गप्प.
आणि शुक्रवारी सकाळी, हवामानाच्या खाली,
ग्रॅनाइटचे दगड.
नाव कोरून. हप्त्याने.

"तौनोचा ब्रश अजून पेल्यात होता," त्या म्हणाल्या.
"मी याला काही सांगितलं नव्हतं.
यानं आपलं आपण ताडलं."

मी केबल लावणार तोच माझा हात धरला:
"तिरकी घालतोयस."
पडद्यावर इशारा: सगळं पुसलं जाईल. नक्की?
आवाजाचं बटण त्यांनीच दाबलं.
मग दहा मिनिटं आम्ही दोघं
एका काळ्या चौकोनाकडे बघत बसलो,
शेगडीवरच्या दुधाकडे बघावं तसं.

उजाडलं. कोऱ्या भिंती, एक घड्याळ.
"पण मला बस लागते," हिल्क्काबाई म्हणाल्या,
"बँक लागते, वासाची नात चित्रं पाठवते ती लागतात.
मी काही रानात राहायला निघाले नाही."

मी म्हटलं, येतील सगळे, पण पाहुणे म्हणून.
काल जो मालक होता,
कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून घरभर फिरणारा,
तो आज भाडेकरू. त्याची एक खोली, बाहेरून कडी.

हवामान आलं, माइक मागू लागलं.
"पावसाला कशाला माझा आवाज?" नाही.
निरोपांचं अ‍ॅप आलं, म्हणालं, पत्त्यांची वही द्या.
आम्ही एकच पान फाडून दिलं, नातीचं.
बँक मात्र उंबऱ्यावरच अडली:
हा फोन आमच्या ओळखीचा नाही.
हिल्क्काबाई हसल्या, त्या दिवशी पहिल्यांदा.
"चाळीस वर्षं माझा पगार हिच्याकडे,
आणि आता मीच परकी!"
त्यात दोन बुधवार गेले.
तिसऱ्या बुधवारी ती आत आली,
कुरकुरत, बूट न काढता.

त्यानंतर त्या एकदाच आल्या. काम काहीच नव्हतं.
"गेल्या गुरुवारी सव्वातीन वाजले,
आणि मी याला हातात धरून बसले.
वेडेपणा. हा तर मार्चपासूनच गप्प.
मग मीच म्हटलं, मोठ्याने, स्वयंपाकघरात,
चौदा मिनिटं. रस्ता मोकळा आहे.
कोट घातला आणि निघाले.
थांब्यावर तिकिटाचं अ‍ॅप विचारतंय,
तुम्ही कुठे आहात हे कळायची परवानगी?
तीन उत्तरं होती. मी मधलं दाबलं.
फक्त या वेळेपुरती."

"मग गेलात कुठे?" मी विचारलं,
अगदी सवयीने.

हिल्क्काबाईंनी हातमोजे चढवले,
एकेक बोट नीट बसवत.
फोन उचलला, या वेळी तोंड वर करून,
म्हणाल्या, "बॅटरी मात्र जास्त टिकते हं,"
आणि जिन्याने वर गेल्या.