डबल ब्रेक

आधी बॅटरीची काळी वायर सोडवायची.
लाल नाही. काळी. दहा नंबरचा पाना,
सुटलेलं टोक फडक्यात गुंडाळून बाजूला.
वडाळा नाक्यावर लियाकतभाईंनी पहिलं शिकवलं ते हे.
त्याआधी सात वर्षं मी अंबडला हार्नेसच्या लाइनवर होते;
रंग बघून वायरी टोचायच्या, गाडी कधी दिसायची नाही.

आजची गाडी पळसे गावची, गायधनींच्या अंगणातली.
जुनी वॅगन आर. दारावरची अक्षरं खरवडलीत
तरी वाचता येतात: मोटार ड्रायव्हिंग स्कूल, खास महिलांसाठी.
डाव्या सीटच्या पायाशी पत्र्यात चार भोकं.
बोल्ट गेले, गंज राहिला.
"तिचा डबल ब्रेक होता," गायधनी म्हणाले.

नोट प्रेसमध्ये चौतीस वर्षं. रोज सुटताना झडती.
अजूनही उभे राहतात ते
दोन्ही हात अंगापासून जरा दूर धरून.

सायरन कुठे बसवू, विचारलं.
तोंड खाली ठेवते, म्हणजे पाणी साचत नाही.
"सायरन खोक्यातच राहू दे.
रिमोट माझ्या उशाखाली थरथरला की पुरे.
चोर कुणी नाहीय."

मग हळूहळू सांगितलं.
शैलाताई पहाटे तीनला उठतात, साडी बदलतात,
जेल रोडला कुणी पोरगी क्लाससाठी ताटकळत असेल म्हणून निघतात.
मागच्या मंगळवारी शिंदे टोल नाक्यावर सापडल्या,
बरोबर लेनमध्ये, हातात सुटे पैसे.
गाडीला ओरखडा नाही.
किल्ली लपवली तर घर उचकटतात, रडतात.
किल्ली त्यांच्याजवळच राहायला हवी.

कुणी सरळ पेट्रोल पंपाची वायर तोडतं. सोपं पडतं.
लियाकतभाई हातावर चापट मारायचे.
चालत्या गाडीचा श्वास आपल्या डब्यात बांधायचा नाही.
समजा डबा बिघडला मोहदरीच्या घाटात,
मागे कांद्याचा ट्रक:
इंजिन गेलं की स्टिअरिंग दगड होतं,
ब्रेक दोन-तीन दाबांत कडक.
म्हणून फक्त स्टार्टरची वायर.
उभी आहे ती उभी राहील, धावते ती धावेल.

आणि रिलेची पिन अशी निवडायची
की डबा मेला तर जोडणी आपसूक मिटलेली.
रात्री बिटकोत न्यायची वेळ आली
तर गाडीने गायधनींकडे पास मागू नये.

मल्टिमीटरने तीनदा खात्री केली, मगच कात्री.
पीळ, सोल्डर, वर आकसणारी नळी.
फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात.
पत्र्यातून वायर नेली ती रबरी बुचातून,
नाहीतर धार तिला रोज थोडी थोडी खाते.
अर्थिंगसाठी रंग खरवडला, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत.
काळी वायर सगळ्यात शेवटी.

चाचणी घ्यायची तेवढ्यात त्या आल्या.
बसल्या. आरसा, पट्टा, न्यूट्रल, किल्ली.
दिवे लागले. स्टार्टर गप्प.
पुन्हा. गप्प.
मला वाटलं, आता रडतील.

"बॅटरी नाही गं. दिवे बघ, जरासुद्धा मंद झाले नाहीत.
स्टार्टरला करंट पोचत नाहीय.
मधेच कुणीतरी तोडलंय."

माझ्या हातात पक्कड.
गायधनी जमिनीकडे बघत होते.

त्या उतरल्या, वळसा घालून डाव्या सीटवर बसल्या.
चपलेतून पाय काढला, चार भोकांवर ठेवला, अंदाज घेतला.
"ये, बस तिकडे. नवी ना तू? घाबरू नकोस, मी आहे.
आधी आरसा."

बसले. आरसा नीट केला.
आरशात गायधनी,
दोन्ही हात अंगापासून जरा दूर.