न आलेल्यांची तिकिटं

दर तिमाहीच्या शेवटी
मी न आलेल्या माणसांचा हिशोब करतो.
सॉकबात नगरपालिका, वित्त विभाग, तिसरा मजला.
खिडकीच्या उंचीवरून जाते ती एका डब्याची गाडी,
तिला चालक नाही,
बहुतेक वेळा आत दुसरंही कुणी नाही.

करारात लिहिलंय, रोज एकसष्ट हजार.
येतात आठ हजार चारशे,
शाळेची सहल असली तर थोडे जास्त.
उरलेल्यांचं भाडं शहर भरतं
कंपनीला, व्याज लागायच्या आत.
भागीदारी म्हणतात हिला.
खांब त्यांचे,
खांबांखालची सावली आमची.

आकडा काढणारे सल्लागार सोलहून आले होते,
दोन दिवस चौकात घड्याळ घेऊन उभे राहिले,
थंड शेवया खाल्ल्या, बिल पालिकेनं दिलं.
मी तेव्हा नवा. अहवालाच्या प्रती मीच काढल्या,
चारशे बारा पानं.
यंत्रातून पान हातात यायचं ते गरम,
आणि मला वाटायचं
पुढचे दिवस असेच असणार, धरता येतील असे, उबदार.

पहिली काही वर्षं चिडायचो.
मग त्यांची सवय झाली, त्या न आलेल्यांची.
न बांधलेल्या इमारतींच्या जिन्यांवरून ते उतरतात,
बूट आपटून बर्फ झाडतात,
जागेसाठी भांडत नाहीत,
कुणाच्या खांद्यावर डुलकी घेत नाहीत.
कार्ड टेकवायची त्यांना गरज नसते.
मी आहे ना.

येणाऱ्यांत एक ओक बुन-र्ये. वय एक्याऐंशी.
घरात तापवायला परवडत नाही, गाडीत बाक गरम असतो,
म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत
दिवसातून सात फेऱ्या.
मांडीवर मोड आलेल्या सोयाबीनची पिशवी,
विकली गेली तर गेली.
पासष्टच्या वर भाडं माफ,
तेव्हा माझ्या तक्त्यात तिच्यापुढे शून्य.
जे येत नाहीत त्यांचे पूर्ण पैसे,
जी येते तिचं शून्य.

एकदा तिनं विचारलं, कचेरीत काय करतोस रे?
म्हटलं, माणसं मोजतो.
तिनं कागदातलं भाजलेलं रताळं मोडलं,
मोठा तुकडा मला दिला.
मला मोजलंस का?

काल रात्री जुना अहवाल उघडला.
वकिलांना एक कलम हवं होतं,
ते सापडलं नाही.
पान दोनशे सदुसष्ट सापडलं, परिशिष्ट, बारीक अक्षर:
नव्या वस्तीत दर कुटुंबामागे मुलं, एक पूर्णांक आठ.
शाळा, शिकवणी, आजीकडे, परत.
प्रत्येकाच्या रोज दोन फेऱ्या धरलेल्या.

त्या वस्तीत आमचंही घर आहे, नववा मजला.
छोट्या खोलीत सू-ग्यंग कपडे वाळत घालते.
आम्ही त्यावर बोलत नाही.
आधी बोलायचो, दवाखान्यातून परतताना,
याच गाडीत, डबा रिकामा असायचा
म्हणून मोठ्यानंही.

कराराची एकोणीस वर्षं उरलीत.
माझ्या नोकरीची अकरा.
एक पूर्णांक आठमधला आमचा वाटा
मीच मंजूर करतो, तिमाहीला, निळ्या शाईत.

सही वाळेपर्यंत खिडकीशी उभा राहतो.
समोरच्या फलाटावर गाडी थांबते, दारं उघडतात,
वीस सेकंद उघडी ठेवायची असतात,
तेही करारात आहे.