सुकं, एक नग

नियम असा आहे:
तंबू उठवल्यावर जे सामान सुकं असेल
ते तीस दिवस सांभाळायचं.
ओलं असेल ते तिथल्या तिथे ट्रकमध्ये.
हे पोर्टलँड आहे. ऑक्टोबर ते मे
इथे सुकं असं काय असतं?

तरी गोदाम भरतं.
रुळांपलीकडे, पत्र्याखाली मी बसतो,
पिशव्यांना दोरा बांधतो, दोऱ्याला चिठ्ठी.
गॅसची छोटी टाकी, रिकामी, एक.
बूट, दोन्ही डाव्या पायाचे.
कुत्र्याचा पट्टा. (कुत्रा दुसऱ्या खात्याकडे.)
आणि मंगळवारी, दोघांनी धरून आणलेलं
एक दार.

चौकटीसकट. हिरवं. पितळी मूठ, कडी,
डोळ्याच्या उंचीला काचेचं भोक.
व्हर्लीन टॅकेटने ते तंबूला पुढून लावलं होतं.
बाजूला फडफडतं प्लास्टिक, कुणीही वाकून आत शिरावं असं,
पण लोक ठोठावत.
उठवायला आलेल्या पोलिसानेही म्हणे ठोठावलं,
मग स्वतःशीच हसला.

फॉर्मवर दाराला रकाना नाही.
फर्निचर चालत नाही, बांधकामाचा माल चालत नाही.
लमार म्हणाला, फेक.
मी लिहिलं: वैयक्तिक वस्तू, सुकं, एक नग.
खालून चार बोटं ओलं होतं.
टॉवेलने पुसलं.

ती आली ती आम्ही बंद केल्यावर.
गोदाम नऊ ते अकरा.
मेथाडोनचा डोस आठ ते दहा, नर्ससमोरच प्यायचा.
रात्रीच्या खाटेसाठी नाव सकाळी दहाला, स्वतः हजर राहून.
शहराच्या तीन टोकांना तीन खिडक्या
आणि एक बाई, जिचा डावा गुडघा वाकत नाही.
हे वेळापत्रक कुणा दुष्टाने केलेलं नाही.
तिन्ही खिडक्यांमागच्यांना मी ओळखतो, एक तर मीच.
आपापल्या टेबलाशी आम्ही सगळे बरोबर आहोत.

सभेलाही गेलो होतो. माणशी दोन मिनिटं.
बेकरीवाल्या त्वेतबाईंनी चौथ्यांदा फुटलेल्या काचेचं बिल आणलं होतं,
रडल्या नाहीत, नुसता आकडा वाचला.
एका बापाने फोटो वर धरला:
घसरगुंडीखालची वाळू, मुलीची चप्पल, सुई.
मला उठून सांगायचं होतं
की ती सुई माझी असू शकली असती.
चार वर्षं सात महिने झाले, मी अजून मोजतो.
घंटी वाजली. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतंच.
व्हर्लीनचं एका यादीत आहे, घराच्या.
तीन हजार एकशे बारावं.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणे.
दाराबद्दल कुणी काही सांगून ठेवलेलं नाही.
दारोदार फिरून झाल्यावर
एखादी बाई दारच पाठीवर घेते,
तिला काय म्हणायचं?

एकदा ती पोचली. पावणेअकराला, डोस चुकवून, घामाघूम.
"कुठलं गं हे?"
"माझ्याच घरचं. बेलिफ कुलूप बदलायला आला.
म्हटलं, बदल की. आणि बिजागऱ्याच काढल्या."
हसली तेव्हा समोरचे दात दिसले नाहीत.
हाताने चौकट चाचपली, जसा कुणी
पोराला ताप आहे का बघतं.
"राहू दे इथेच थोडे दिवस. पावसात फुगतं ते."

तीस दिवस झाले. मी तारीख बदलली.
पुन्हा तीस झाले.
तिला कुणी पुलाखाली पाहिलं, कुणी सेलममध्ये,
कुणी म्हणतं खोली मिळाली,
तिला आयतं दार आहे.

आमचं हे भिंतीपासून हातभर पुढे उभं आहे,
मागे मी डबा खायला बसतो, वारा लागत नाही.
परवा लमार पलीकडे येऊन थांबला.
वळसा घालून येता आलं असतं, दोन पावलं.
टकटक झाली.
तोंडातला घास तसाच ठेवून
मी विचारलं, कोण आहे?