नको तो उजेड

टेडिंग्टनच्या या तळघरात
आमच्याकडे अणू एकच आहे, स्ट्रॉन्शियमचा,
तोही एक इलेक्ट्रॉन गमावून बसलेला.
चार सुयांच्या मधोमध अधांतरी असतो,
आणि आम्ही चौघं दिवसभर त्याला एकच विचारतो:
आहेस का?

विचारणं म्हणजे जांभळा लेसर सोडायचा
आणि पाच मिलिसेकंदांत परत आलेले फोटॉन मोजायचे.
चमकला, तर तो खालच्या मजल्यावर.
नाही चमकला, तर तांबड्या लेसरची हाक पोचली त्याच्यापर्यंत,
वर गेलाय, थोडा वेळ येणार नाही.
शंभरदा डावीकडून हाक मारायची, शंभरदा उजवीकडून.
दोन्हीकडचा अंधार सारखा भरला
की घड्याळ जागेवर आहे.
न बोलणं हेही उत्तर असतं
हे मला नोकरीत शिकवलं. घरी मी त्यावरूनच भांडत आले.

ऑक्टोबरपासून आकडे बिघडले.
चमकला की वीस, न चमकला की अकरा.
पडद्यावर दोन टेकड्या असायच्या, मधे मोकळी खिंड;
आता एकीचा उतार दुसरीच्या अंगावर चढलेला.
पंधरा आले, तर ते कुणाचे?
घंगाळातली घटिका बुडाली की नाही
यावर ऐन मुहूर्ताला दोन भटजी भांडावेत, तसं.

मोठं भिंग घेऊ, इमोजेन म्हणाली.
ओलुसेगुनने नव्या डिटेक्टरसाठी
सतरा पानांचा अर्ज भरला, सही राहिली.
ग्विलिम त्या शुक्रवारी निवृत्त होत होता.
केक कापून झाल्यावर सुरी चाटत म्हणाला,
आधी त्याला घालवून द्या. मग मोजा.

घालवला. सापळ्याची वीज बंद.
आता अणू नाही, कुणी नाही,
आणि रिकाम्या घरातून तरीही अकरा.

सगळे गेल्यावर
नळीच्या तोंडाशी मी फोनचा कॅमेरा धरला.
आत, भिंगाच्या कडेला,
नाकातल्या चमकीसारखं लकाकत होतं
एका स्क्रूचं डोकं.
वही मागे उलटत नेली.
चौदा ऑक्टोबर: काळा स्क्रू हरवला, साधा लावला.
अक्षर माझंच.
तीन महिने आम्ही मोठ्या भिंगाच्या किमती काढत होतो.

काळा स्क्रू सोमवारी मिळाला असता.
पण केकवरच्या मेणबत्त्या टेबलावर होत्या,
निळी, पिवळी, आणि एक सहासष्टच्या आकड्यातली, अर्धवट सहा.
चिमट्यात स्क्रू धरला, ज्योतीच्या शेंड्यावर, व्हरांड्यात,
धुराच्या अलार्मपासून लांब.
शेवंतामावशी एरंडेलाच्या दिव्यावर
तांब्याचं ताम्हन पालथं घालायची, तसं काही करताना
हात आपोआप सावकाश होतो.
काजळी धरली. स्टीलचं तोंड मिटलं.
परत बसवताना वाटलं,
बाळाच्या गालाला तीट लावतो आपण,
फार उजळ दिसू नये म्हणून.

रात्री दीडला नवा अणू पकडला.
चमकला: एकोणीस.
न चमकला: दोन.
एक फोटॉन कमीच झाला होता माझ्याकडून, बोट लागलं असेल भिंगाला.
तरी खिंड मोकळी होती, पार पलीकडचं दिसावं इतकी.

बुशी पार्कच्या फाटकापाशी थांबून मी ग्विलिमला मेसेज केला.
हरणं अंधारात होती; कळत होती ती फक्त
गवत ओढल्याच्या आवाजाने.

सकाळी त्याचं उत्तर आलं.
उरलेले दोन कुठून येतात?

शोधतोय अजून.
स्क्रू सोमवारी बदलला. तो काजळलेला
माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, टिश्यूत गुंडाळून.
हात लावला की बोट काळं होतं.