इथपर्यंत

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा.
तो सारखा गुंडाळून घेतो स्वतःला,
म्हणून एका कोपऱ्यावर मिठाची बरणी,
एकावर शायनीचा स्टेथोस्कोप,
एकावर पंक्चरची डबी,
आणि चौथ्यावर मारिविकचं कोपर.

रास अल खैमा म्हणजे एक लांबट शेंग.
एका शिरेला समुद्र, दुसरीला डोंगर,
आणि आत आम्ही तीन दाणे,
नखीलमधल्या तिसऱ्या मजल्यावर,
रात्रपाळी उतरवून बसलेल्या.

उद्या सुट्टी. कुठं जायचं?

शायनीला जबल जैस हवाय. तिच्या सायकलीला एकवीस गिअर.
मारिविकच्या सायकलीला एक,
तोही मनात आलं तरच लागतो.
"तुम्ही चढा दिवसभर," ती म्हणते,
"मी पायथ्याशी बसून तुमचेही डबे खाते."
डोंगर तिथंच बाद.

जझीरा हमराला तीनदा जाऊन झालं.
प्रवाळाच्या भिंती, बिनछपराच्या खोल्या,
कुणाच्या तरी उंबऱ्यावर बसून आम्ही संत्री सोलली होती.
सालं मात्र पिशवीत भरून परत आणली,
घर रिकामं असलं तरी उंबरा उंबराच.
त्या वाटेवर वारा आडवा येतो.
समोरून आला तर भांडता येतं,
आडव्या वाऱ्याला काय बोलणार?

मी लॅबमधली. दिवसभर पेशी मोजते.
वाट ठरवतानाही माझं मोजणंच चालतं:
कुठल्या मशिदीबाहेर गार पाण्याचा कूलर,
कुठला नळ सुरू, कुठला नुसताच चमकतो.
नकाशावर लाल पेनाचे सतरा ठिपके.
माझ्यापुरता हा मुलूख एवढाच,
घोटाघोटानं जोडलेला.

उरली उत्तर.
रम्स. मग सिमेंटचे कारखाने, ट्रक,
पापण्यांवर पीठ बसावं तशी धूळ.
मग गलीला, शाम,
आणि मग नकाशावर एक तुटक रेघ.

रेघेपलीकडचा रस्ता सगळ्यात देखणा म्हणतात.
गुलजमान पंक्चरवाला एकदा टेम्पोतून
कुणाचं कपाट पोचवायला गेला होता खसबला.
म्हणाला, तिथं डोंगर समुद्रात पाय सोडून बसलाय,
आणि रस्ता त्याच्या गुडघ्यांवरून जातो.

आम्ही तिघींनी एकाच वेळी त्या रेघेकडं पाहिलं.
आमचे पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात,
दोन निळे, एक मरून, एकाच रबरबँडमध्ये.
आम्ही वेगवेगळ्या पाळ्यांत, ते मात्र कायम एकत्र.

कुणी काही बोललं नाही.
शायनीनं स्टेथोस्कोप उचलला,
नकाशा आपोआप मिटत आला.
"उत्तर," मारिविक म्हणाली, "टायर भरा."

पहाटे साडेचारला निघालो. वारा झोपलेला.
शाममध्ये एका टपरीवर चहा, पराठा.
म्हातारा कासिमकुट्टी सायकलींकडं बघून म्हणाला,
"गाडी मिळत नाही का तुम्हाला?"
शायनी मल्याळममध्ये बराच वेळ त्याला काहीतरी समजावत राहिली.
शेवटी त्यानं पैसे घेतले नाहीत.

आठ वाजता शेवटचा गोल चौक.
पुढं फाटक, झेंडा, काचेची चौकी,
आणि त्यामागं पहिला गुडघा,
तांबूस, उन्हानं नुकता शिवलेला.

पोलीस बाहेर आला. तरुण, झोपाळू.
"कुठं?"
"इथपर्यंत," मी म्हणाले.

त्यानं आमच्याकडं पाहिलं, सायकलींकडं पाहिलं,
मारिविकच्या त्या एका गिअरकडं जरा जास्तच.
मग हातानं दाखवलं: तिकडं, भिंतीपाशी, कूलर.
माझ्या लाल ठिपक्यांत तो नव्हता.
रेघेच्या अलीकडं की पलीकडं, विचारलं नाही.
बाटल्या भरल्या.
पाणी इतकं गार की दात कळवळले.

परतताना दहाच्या सुमारास शमाल उठला,
थेट पाठीवर.
मारिविक पेडल न मारता सगळ्यांत पुढं,
ओरडत, तिच्या भाषेत, कुणास ठाऊक काय.