शेवटचे दीड मीटर

मडगुंडीने चादरीवर तीन वायरी मांडल्यात.
पहिली ॲम्प्लिफायरबरोबर फुकट आलेली,
काळी, कुठल्याही मिक्सरला असते तशी.
दुसरी निळी, मनगटाएवढी,
जावयाने सिंगापूरहून आणलेली.
तिसरी चांदीचा मुलामा दिलेली.
तिची किंमत तो बोटांनी दाखवतो, बोलत नाही,
स्वयंपाकघराचं दार उघडं आहे.

‘मौलाली, मी डोळे मिटतो. तू बदलत राहा.
कुठली लावलीस ते सांगू नको.’

बत्तीस वर्षं मी सोलापूरच्या खांबांवर चढलो.
वीज कशी येते मला माहीत आहे:
उसाच्या फडांवरून, कुसळी माळांवरून,
कावळ्याच्या घरट्यातल्या तारेला घासत,
अडकलेल्या मांजाखालून,
अक्कलकोट रोडच्या धुळीतून
गल्लीच्या डीपीत,
जिथे फ्यूजच्या जागी तांब्याची दुपेडी तार आहे
(कुणी ओढली, विचारू नका),
आणि मग भिंतीपासून
शेवटचे दीड मीटर
चांदीतून.

मी हसलो नाही.
मित्राच्या घरी बूट बाहेर काढतात, तसं हसूही.

पहिली लावली. सारंगी वाजली. ‘कोरडी,’ तो म्हणाला.
दुसरी. ‘आता बाई श्वास घेते ते कळतं.
गाण्याआधी पदर सावरते.’
तिसरीला तो बराच वेळ गप्प.
डाव्या कानाने त्याला तसंही ऐकू येत नाही,
तो कान तीस वर्षं मागाच्या बाजूला होता.

मग डोळे उघडून त्याने वायर हातात घेतली,
नखाने तिच्यावरची विणलेली जाळी मोजू लागला.
‘हे बघ, इथे धागा सुटलाय.
आणि हा इथे दुहेरी गेलाय.
एवढे पैसे घेऊन!
आमच्या कारखान्यात असला माल
मुकादमाने तोंडावर फेकला असता.’

त्याची बायको शेंगाचटणी, कडक भाकरी ठेवून गेली.
जाताना म्हणाली, ‘पिच्चोडू.’
वेडा. एवढं तेलुगू मला येतं.

‘खरं सांग,’ मी विचारलं, ‘फरक आहे?’

‘असेल. नसेलही.’
त्याने भाकरी मोडली. ती काच फुटावी तशी वाजली.
‘मौलाली, चाळीस वर्षं या घरात करंट आला तो राबायला.
बारा माग. दिवसपाळी, रातपाळी.
गेला की आम्ही शिव्या घालायचो, आला की कामाला जुंपायचो.
आता माग भंगारात गेले.
आता तो नुसता येतो, संध्याकाळी, पाहुण्यासारखा.
त्याच्या पायाखाली एक चांगली चादर घालायला नको?’

निघताना कोपऱ्यावरच्या खांबाकडे मान गेली.
वर माझाच जोड.
त्या वर्षीचा मे, पक्कड हातात धरवत नव्हती,
आणि खाली उभा राहून हाच मडगुंडी ओरडत होता,
‘बारा माग बंद आहेत, लवकर कर!’
सात वेढे हवेत तिथे
मी चार दिले होते.

सकाळी सिद्धारामला फोन केला. माझ्या जागी आता तो आहे.
‘तो जोड काढ. नवा मार, सात वेढ्यांचा.’
‘काका, तक्रार कुणाची लिहू?’
‘माझीच लिही.’

आठवड्याने मडगुंडीचा फोन.
‘तिसरी वायर मुरली बघ! लोणच्यासारखं असतं हे,
मी म्हटलं नव्हतं?’
‘म्हटलं होतंस,’ मी म्हणालो.
‘सारंगी अशी समोर येऊन बसते…
आणि ऐक, आमची ही म्हणते,
मिक्सरसुद्धा हल्ली गोड फिरतो.
विचारत होती,
त्याला कुठली वायर लावलीस?’